शिळं औषध, बंद शटर

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मला सगळे 'लॅबवाले साळुंखे' म्हणतात. या नावामुळे निम्म्या सोसायटीची समजूत अशी की मी रक्त-लघवी तपासतो. एकदा सकाळी दार उघडलं, तर तिसऱ्या मजल्यावरचे नाईकसाहेब जॅमच्या बाटलीत नमुना घेऊन उभे. "निघालाच आहात तर जाता जाता शुगर बघा."

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे माणसाचं काही तपासत नाहीत. आमच्याकडे फक्त पेशी असतात."

नाईकसाहेब बाटलीकडे बघत म्हणाले, "यातही असतील की."

मी बाटली त्यांच्याच हातात ठेवून जिना उतरलो. आता निवृत्त झालो, तरी नाव तेच आहे.

नवी मुंबईतल्या एका कॅन्सर संशोधनाच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. लागलो तो मात्र बाटल्या धुणारा म्हणून. आमचं गाव साताऱ्याकडचं. वडील कांदाबटाटा मार्केटात माथाडी. बाजार मुंबईतून वाशीला आला, तसे आम्हीही मागोमाग आलो. मुलाखतीत मला विचारलं, अनुभव काय? मी खरं ते सांगितलं, "गोणी उचलता येते." समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले आणि मला घेतलं. काचेच्या बाटल्यांनाही माणूस लागतोच.

पहिल्याच महिन्यात मी एका संशोधकाचं आख्ख्या आठवड्याचं काम नळाखाली धुऊन टाकलं. टेबलावर टिश्यूपेपरवर बोटाएवढ्या नळ्या उपड्या घातलेल्या दिसल्या. आत काही नाही. मी घेतल्या, साबण लावला, तीनदा पाण्यातून काढल्या, चकाचक करून रांगेत लावल्या. संशोधक आले आणि एक नळी उचलून उजेडात धरली.

"साळुंखे, यात माझा डीएनए होता."

"साहेब, मला वाटलं नुसत्याच वाळत घातल्यात."

"वाळतच घातला होता."

डीएनए शुद्ध करून नळीच्या तळाला बसवला की तो दिसत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. न दिसणाऱ्या वस्तूला जपायचं, हीच इथली नोकरी. पुढे मी शिकत गेलो. पेशी वाढवायला शिकलो, त्यांना खाऊ घालायला, बशी भरली की निम्म्या पेशी काढून नव्या बशीत टाकायला. बाटल्या धुणाऱ्याचा टेक्निशियन झालो. दहाबारा वर्षांत अशी ख्याती झाली की साळुंख्यांच्या हातून पेशी मरत नाहीत. नवीन मुलं यायची, त्यांच्या बशीला बुरशी लागायची, आणि आमच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, "साळुंख्यांना विचारा." अशी ख्याती माणसाला भलती चढते. पुढची गोष्ट त्या चढलेल्या माणसाची आहे.

त्याआधी आमच्या कामातलं एक कोडं सांगतो. ते मला अजून इतकं आवडतं की बायको म्हणते, तुम्ही माझ्यापेक्षा त्या पेशींबद्दल जास्त प्रेमाने बोलता. हे खोटं आहे. पेशी उलट बोलत नाहीत एवढाच फरक.

तर, आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा दोनेक मीटर लांब धागा असतो. डोळ्यातली पेशी घ्या की यकृतातली, धागा तोच. त्यावरचे जीनही तेच. मग डोळ्यात पित्त का तयार होत नाही? कारण कुठला जीन उघडा आणि कुठला बंद, हे ठिकाण बघून ठरलेलं असतं. बंद करायच्या रीती मुख्यतः दोन. एक म्हणजे धाग्यावरच मिथाइल नावाचा इवलासा रासायनिक शिक्का मारायचा. दुसरी रीत रिळांची. हा लांबलचक धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि रिळांना शेपट्या असतात. शेपट्यांवर काही खुणा अशा पडतात की गुंडाळी सैल होऊन जीन उघडतो, आणि काही अशा की गुंडाळी आवळली जाते.

मी बरीच वर्षं समजत होतो की ही दोन वेगळी खाती आहेत. पाणीखातं आणि रस्तेखातं असतात तशी. एकाने खणायचं, दुसऱ्याने बुजवायचं, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. हा गैरसमज नमिताने काढला.

नमिता भोईर आमच्याकडे पीएचडी करत होती. दिवाळे गावची, खाडीकाठच्या मासे विकणाऱ्या घरातली पहिलीच मुलगी इतकं शिकलेली. बारीक अंगाची, बोलायला तिखट. मी तिला एकदा माझ्या परीने हे सगळं समजावून सांगत होतो, म्हणजे तिचाच विषय तिलाच. म्हटलं, "हे बघ, मार्केटातला गाळा धर. शटरला कुलूप लावलं, तो तुझा मिथाइल. शटरपुढे गोण्या रचल्या, ती तुझी आवळलेली रिळं. दोन्हीने गाळा बंद."

"आणि काका, कुलूप लावणारा आणि गोण्या रचणारे एकमेकांशी बोलतात का?"

"कशाला बोलतील?"

"बोलतात. तीच तर मजा आहे." तिने हातमोजे काढले आणि माझ्या नोंदवहीच्या मागच्या पानावर शटर काढलं. "कुलूप दिसलं की एक प्रथिन तिथे येऊन बसतं आणि गोण्या रचणाऱ्या टोळीला हाक मारतं. इथे कोणी येणार नाहीये, रचा. आणि उलटंही. गोण्या दिसल्या की कुलूपवाला समजतो, हा गाळा बंदच ठेवायचाय, तो येऊन कुलूप लावतो. आणि जिथे रिळावर 'दुकान चालू आहे' अशी खूण असते ना, तिथे कुलूपवाल्याला बसायला जागाच मिळत नाही. तो आल्या पावली परत."

"म्हणजे कुलपामुळे गोण्या की गोण्यांमुळे कुलूप?"

"कुठल्या गाळ्यात आधी काय, यावर लोकांच्या नोकऱ्या चालल्यात, काका. माझी पण."

मग ती म्हणाली, "तुमच्या गाळ्यात एक माणूस राहिलाच. मुकादम." एका पेशीच्या दोन होतात तेव्हा डीएनएची नक्कल निघते. नवा धागा कोरा असतो, त्यावर एकही शिक्का नसतो. तेव्हा एक प्रथिन येतं. ते एका हाताने जुन्या धाग्यावरचा शिक्का चाचपतं, दुसऱ्या हाताने शेजारच्या रिळावरची बंदची खूण चाचपतं, आणि मग शिक्का मारणाऱ्याला बोलावतं की ये, इथे मार. दोन वह्या ताडून बघितल्याशिवाय सही न करणारा मुकादम. वडिलांच्या टोळीत असा एकही नव्हता. मी त्या रात्री जेवताना बायकोला हे सांगितलं आणि तिने विचारलं, "त्याला पगार कोण देतं?"

नमिताचं काम एका जीनवर होतं. हा जीन पेशीला बेफाम वाढण्यापासून रोखतो, आणि ती ज्या कॅन्सरच्या पेशी वाढवत होती त्यांत तो कडेकोट बंद होता. कुलूपही आणि गोण्याही. तिचा प्रश्न साधा: दोन्ही काढल्याशिवाय हा उघडतच नाही का? त्यासाठी दोन औषधं होती. पहिलं औषध कुलूप फोडत नाही. पेशी नक्कल काढत असताना ते नव्या धाग्यात घुसतं आणि शिक्का मारणाऱ्यालाच तिथे चिकटवून टाकतं. त्यामुळे प्रत्येक नकलेत शिक्के कमी होत जातात. याला तीन दिवस लागतात, रोज द्यावं लागतं. दुसरं औषध गोण्या रचणाऱ्या टोळीला सुट्टीवर पाठवतं. ते शेवटच्या दिवशी एकदाच.

तिने पहिल्यांदा केलं तेव्हा चित्र सुरेख आलं. नुसतं दुसरं औषध दिलं, जीन गप्प. कुलूप होतं तसंच. नुसतं पहिलं दिलं, जीन कुजबुजला. दोन्ही दिली, आणि यंत्राच्या पडद्यावर त्याची रेघ सरसरत वर गेली. सबनीस मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख आणि तिच्या मार्गदर्शक, मोजून बोलणाऱ्या. त्याही म्हणाल्या, "छान आहे. आता हेच आणखी तीनदा दाखव."

नेमकं तेव्हा तिला महिन्याभराच्या ट्रेनिंगला बंगळुरूला जायचं होतं. मी म्हटलं, "जा तू. मी करून ठेवतो." साळुंख्यांचा हात, मग काळजी कसली.

तिला पूर्वी मी रोज बघायचो. सकाळी आली की पहिल्या औषधाची कणभर पूड घ्यायची, द्रव करायचा, पेशींना द्यायचा, आणि उरलेलं फेकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी चिडवायचो, "काय गं, रोज ताजी भाजी?" ती हसायची, करायची तेच करायची. मला ते बघवत नसे. मी कांदाबटाट्याच्या घरात वाढलेला माणूस. आमच्याकडे माल टिकतो, कांदाचाळीत महिनोन् महिने राहतो. वडील घरी एक कांदा सडलेला दिसला तर अर्धा कापून अर्धा फोडणीला लावायचे. "आरं, वाया घालवायचं न्हाई," हे आमच्या घरातलं एकमेव तत्त्वज्ञान.

म्हणून मी एका सोमवारी महिन्याला पुरेल एवढं पहिलं औषध एकदम करून ठेवलं. आमच्या घरी बायको रविवारी आठवड्याचं वाटण करून फ्रिजात ठेवते, तसं. सुबक बाटली, वर लेबल, तारीख, माझी सही. पेशी त्या आठवड्यात तयार नव्हत्या, तेव्हा बाटली फ्रिजात नुसतीच बसली. पुढच्या आठवड्यात काम सुरू केलं. पेशींना गार औषध सोसणार नाही म्हणून मी आल्या आल्या बाटली बाहेर काढून ठेवायचो, चहा पिऊन यायचो, मग द्यायचो. पेशींची इतकी काळजी घेणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही.

तिन्ही वेळा जीन गप्प.

नमिता परतली तेव्हा मी तिच्यापुढे तीन कागद ठेवले. 'दोन्ही औषधं' आणि 'नुसतं दुसरं' या दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की एकच काढल्यासारखी वाटावी. तिने तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले. मग मी कारणं शोधायला लागलो, आणि माझा हात सोडून सगळी शोधली. पेशींचा खुराक नव्या कंपनीचा आहे. पेशी उबेला ठेवायच्या इन्क्युबेटरचं तापमान मागच्या महिन्यात हललं होतं. शेजारच्या गटातला मुलगा दार उघडं टाकतो; त्याला मी चारचौघांत झापलंदेखील. त्या बिचाऱ्याने तेव्हापासून आमच्या इन्क्युबेटरचं दार दोन हातांनी लावायला सुरुवात केली.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. दार बंद होतं. ती बाहेर आली ती थेट पेशींच्या खोलीत गेली आणि एकही बशी न उघडता हुडपुढे, म्हणजे पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटापुढे, बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम म्हणतात, पहिल्या वेळचं पुन्हा तपास. नमुने अदलाबदल झाले असतील, नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"नाहीतर काही नाही, काका."

आमच्या धंद्यात त्या 'नाहीतर'चा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. एकदा आलेलं आणि तीनदा न आलेलं, त्यातही तीनदा साळुंख्यांच्या हातून न आलेलं. मग पहिलं कसं आलं? पुढच्या मंगळवारी तिची समिती बसायची होती. दरवर्षी विद्यार्थ्याचं काम बघणारे तीन-चार शास्त्रज्ञ. मॅडमनी ठरवलं होतं की हे प्रकरण प्रबंधातून वगळतोय असं समितीला सांगायचं. वगळायचं म्हणजे तिच्या तीन वर्षांतली सगळ्यात चांगली गोष्ट काढून टाकायची, आणि सोबत लोकांच्या मनात एक शंका आयुष्यभरासाठी ठेवून द्यायची.

रविवारी सकाळी मी मासळी घ्यायला गेलो. नमिताची आई सानपाड्याच्या बाजारात बसते. नमितानेच मला तिकडे पाठवलं होतं, "माझ्या आईकडूनच घ्या, फसवणार नाही, पण बोलेल." मी गेलो की ती बसायला पाट पुढे सरकवायची, माझं नाव घ्यायची, आणि बाजूच्या बाईला सांगायची की हे आमचे पोरीचे लॅबवाले. त्या दिवशी तिने पाट सरकवला नाही.

"भाऊ, आमचे नमीचा काय झालाय? जेवत नाय. परवा तिचे आवडीचे बोंबील केले, हात नाय लावला."

"काम जास्त आहे, ताई."

"कामाला ती कवा भ्याली? इचारला तं बोलते, मॅडमना वाटते मी खोटा लिवलाय." तिने कोयता मासे कापायच्या फळीवर आडवा ठेवला. "माजे पोरीनी खोटा लिवला आसंल का?"

"नाही," मी म्हटलं. आणि विषय बदलायचा म्हणून टोपलीकडे बोट केलं. आजची पापलेटं वेगळी होती, कालची बर्फातली वेगळी. "यातलंच द्या कालचं. बर्फातच तर होतं, काय फरक पडतो?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाजारात पहिल्यांदाच आलोय.

"काय फरक? ये डोले बग. आजचा कसा बगतो तुज्याकडं. आनि ह्यो कालचा. बरफान व्हता म्हनून वास नाय, पन जीव गेला त्याचा. वरशी दोनी सारकेच दिसतान. तुमी कांदेवाले, तुमाला नाय कललाचा."

मी पापलेट हातात धरून उभा राहिलो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. त्या दोन रेघाही सारख्याच दिसत होत्या. 'दोन्ही औषधं' आणि 'नुसतं दुसरं'. म्हणजे ज्या बशीत दोन औषधं होती असं मी म्हणत होतो, त्यात एकच होतं. दुसरं होतं. पहिलं नव्हतंच. मी रोज सकाळी, चहा पिऊन, मोठ्या निगुतीने पेशींना पाणी पाजत होतो.

"भाऊ, घेनार का नाय?"

"आजचं द्या," मी म्हटलं.

घरी न जाता मी लॅबवर गेलो. रविवारी गेटवर एकच वॉचमन असतो, आणि तो पिशव्या तपासतो. "काका, हे काय?" "पापलेट." "नमुना आहे का?" मी म्हटलं, "नाही, जेवण आहे," आणि पिशवी त्याच्या टेबलाखाली ठेवून वर गेलो.

औषधाच्या डबीत घडी घातलेला कागद होता. इतक्या वर्षांत मी तो कधी उघडला नव्हता. घड्या कारखान्यातल्या होत्या तशाच. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पाण्यात विरघळल्यावर हे लवकर मोडतं, ताबडतोब वापरावं. नमिताची वही काढली. तिच्या प्रत्येक दिवसापुढे 'ताजं' आणि वेळ. मग माझी. माझ्या सुवाच्य अक्षरात: 'महिन्याचं एकदम बनवून फ्रिजमध्ये ठेवलं.' खाली सही. लपवलेलं काहीच नव्हतं. नमिता परतल्यापासून तीन आठवडे ते पान उघडं होतं आणि कोणी वाचलं नव्हतं, कारण साळुंख्यांचं पान कोण वाचतं?

आता खरं सांगतो, कारण इथे खोटं बोललो तर बायको हे ज्यात छापून येईल तो दिवाळी अंक शेजारी नेऊन दाखवेल. मी दहा मिनिटं स्टुलावर बसलो आणि पळवाट शोधली. गुपचूप ताजं औषध करायचं, आठवड्याभरात पुन्हा करून दाखवायचं, 'पेशींचा जुना साठा बदलला, आता येतंय' म्हणायचं. निवृत्तीला दोन वर्षं होती. हात शाबूत, नाव शाबूत. पण आठवड्याने येणार म्हणजे समितीच्या नंतर येणार. आणि मुख्य म्हणजे साठा बदलून आलं तर पहिल्या वेळेचं कोडं तसंच राहणार होतं. नमितावरचं 'नाहीतर' तसंच राहणार होतं.

सोमवारी मॅडम यायच्या आधी मी त्यांच्या दाराशी उभा.

"मॅडम, नमिताचं पहिलं खरं आहे. माझं तीनदाचं खोटं आहे." आणि वही उघडून ठेवली.

मॅडमनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला. "महिन्याचं?"

"हो."

"साळुंखे, तुम्ही या मुलांना पंचवीस वर्षं सांगताय की कागद वाचा, मग डबी उघडा."

"सांगतो, मॅडम. वाचायचं त्यांनी, असं धरून चाललो होतो."

त्या हसल्या नाहीत. "माझ्याकडे माफी मागू नका. मीसुद्धा हे पान उघडलं नाही. आणि त्या मुलीला मी काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही." मग पेन माझ्याकडे सरकवलं. आमच्याकडे नोंदवहीतली चूक खोडत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी काय चुकलं ते लिहून सही करायची. मी तीन प्रयोगांच्या नऊ पानांवर नऊ रेघा मारल्या. हात चुकत नाही अशी माझी ख्याती होती. त्या नऊ रेघा बघाल तर ती ख्याती कोणी पसरवली असा प्रश्न पडेल.

नमिताला सांगणं जास्त कठीण गेलं. मला वाटलं ती ओरडेल. ती पेशींच्या खोलीतल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, मला एक फोन का नाही केलात? 'रोज का बनवतेस' एवढंच विचारायचं."

"मला वाटलं, तुला काटकसर कळत नाही."

"तीन आठवडे मी स्वतःला विचारतेय," ती म्हणाली, "की मी पहिल्यांदा खरंच ते बघितलं होतं का. मला वाटायला लागलं होतं, नसेल बघितलं."

मी तिची माफी मागितली. मी त्या शेजारच्या गटातल्या मुलाचीही जाऊन माफी मागितली. तो इतका घाबरला की त्यानेच मला सॉरी म्हटलं.

मंगळवारी मॅडमनी मलाही सोबत नेलं, समितीपुढे ती नऊ पानं स्वतः ठेवली आणि सांगितलं की प्रकरण राहील, प्रयोग पुन्हा होतील. समितीतल्या एका वयस्क सरांनी रेघा मारलेली पानं सावकाश उलटली. "यांनी नकळत एक चांगलं काम केलंय," ते म्हणाले. "यांना वाटत होतं आपण दोन्ही औषधं देतोय, आणि तरी जीन उघडला नाही. म्हणजे कुलूप तसंच असेल तर नुसत्या गोण्या हलवून भागत नाही, हे करणाऱ्याच्या मनाविरुद्ध तीनदा सिद्ध झालं." लोक हसले. मीही हसलो. सत्कार म्हणावा तर शाल नाही, नारळ नाही.

मग पुन्हा प्रयोग झाले. रोज ताजं औषध. या वेळी नमिताने सगळं स्वतः केलं. मी फक्त पेशी वाढवून दिल्या. तिसऱ्या वेळी पडद्यावर रेघ वर चढायला लागली तेव्हा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. रेघ चढत गेली. मॅडम म्हणाल्या, "नमिता, तू पहिल्या दिवशी बघितलंस ते खरं होतं. मी चुकले." सगळ्या गटासमोर म्हणाल्या. नमिताने मान हलवली आणि पुढच्या नळीवर नंबर लिहायला घेतला. नंबर चुकला, तिने त्यावर एक आडवी रेघ मारली.

पण एक गोष्ट मला लागून राहिली. त्यानंतर तिने औषधाला मला हात लावू दिला नाही. बोलणं चालणं पूर्वीसारखंच, डब्यातले बोंबील माझ्यापुढे करायची, गाळ्याची चित्रं काढायची. पण रविवार असो की सण, पहिलं औषध करायला स्वतः यायची. मी "मी करतो की" म्हटलं तर, "राहू द्या काका, मी येतेच आहे." ती मला दुखवत नव्हती, आणि तेच दुखायचं.

पुढच्या वर्षी तिने त्या जीनबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी कोणालाही गाठून सांगतो. औषध बंद केलं की उघडलेला जीन हळूहळू पुन्हा मिटतो. कुलपं तर काढून टाकलेली, मग त्याला कसं आठवतं की आपण बंद असायचं? तिने आठवड्यामागून आठवडे बघितलं. आधी रिळांवर बंदच्या खुणा परत येतात, गोण्या रचल्या जातात. आणि मग, बऱ्याच दिवसांनी, त्या गोण्या वाचत वाचत कुलूपवाला येतो आणि एकेक कुलूप जागच्या जागी लावतो. दोघांपैकी एकाने विसरायचं ठरवलं तरी दुसरा आठवण करून देतो. कॅन्सरची पेशी म्हणून तिचा राग यायला पाहिजे, पण इतकं चोख काम बघून हात जोडावेसे वाटतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीला हे जमत नाही.

याच कामाची एक फेरी चालू असताना तिच्या भावाचं लग्न निघालं. तिच्याकडे हळदीला दोन दिवस आख्खं गाव लोटतं, सख्खी बहीण गैरहजर राहिली तर बोलणी आयुष्यभर. शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली, डबी ठेवली आणि म्हणाली, "काका, शनिवार-रविवार बघाल?"

मी म्हटलं, "बघतो."

शनिवारी केलं. रविवारी पुन्हा लॅबवर गेलो. आधी कागद वाचला, पाठ असूनही. पूड मोजली, द्रव केला, वेळ लिहिली, पेशींना दिला. तेवढ्यात फोन. पलीकडे हळदीतल्या बेंजो बँडचा एवढा दणका की तिचा आवाज मधूनमधूनच ऐकू येत होता.

"केलं का काका?"

"केलं. दहा वाजता."

"पेशी?"

"मजेत आहेत. तुझ्याकडे हळद कशी आहे?"

"माझ्या नाकात गेलीय. काका, उरलेलं?"

उरलेलं माझ्या डाव्या हातात होतं. नळी अर्ध्याहून जास्त भरलेली, द्रव नितळ, दिसायला काही म्हणजे काही वाईट नाही. फ्रिज दोन पावलांवर.

"काका?"

"ओतलं," मी म्हणालो, आणि फोन खांद्याशी दाबून टाकाऊ औषधांच्या बाटलीचं झाकण फिरवायला लागलो.